आभाळ भरून येते, मग पाऊस जातो कुठे? ढगाचे गणित समजून घ्या, मगच पेरणीला लागा

अकोला/अमरावती : मृग नक्षत्र लागले की वऱ्हाडात साऱ्यांच्या माना वर होतात. दुपारी चारच्या सुमारास आभाळ भरून येते, वारा सुटतो, धूळ उडते, चार टिपके पडतात आणि रात्री पुन्हा चांदण्या दिसतात. पारावर एकच बोलणे असते, "आभाळ तर रोज येऊन राहिलं, मग पाणी काहून नाही येत?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यावर घराघरातला पैसा अडकलेला असतो. ढग पाहून घाई केली, सोयाबीन पेरले, सरकी डोबली आणि नंतर पंधरा दिवस आभाळाने दडी मारली, की दुबार पेरणी आलीच. बियाणे पुन्हा, खत पुन्हा, मजुरी पुन्हा. दर्यापूर, भातकुली, अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर या तालुक्यांतील खारपाणपट्ट्यात तर विहिरीचे पाणी खारे. ते देऊन पीक वाचवावे म्हटले तर जमीनच खराब होते. तिथे सारा भरोसा वरच्या पाण्यावर.

म्हणून ढग म्हणजे नेमके काय, तो कशाचा बनतो आणि कधी बरसतो हे समजून घेणे हा नुसता शाळेतला धडा नाही, शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट आहे. त्यासाठी लागणारी सगळी उदाहरणे आपल्या घरात आणि वावरात आहेत.

वाफ दिसत नाही, दिसतो तो ढग

चुलीवर चहाचे आधण ठेवा आणि किटलीच्या तोंडाकडे नीट पाहा. तोंडाला लागून बोटभर जागा रिकामी दिसते आणि त्याच्या पुढे पांढरा धूर दिसतो. आपण त्या पांढऱ्या धुराला वाफ म्हणतो. खरी वाफ मात्र त्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेत असते. पाण्याची वाफ हा वायू आहे, त्याला रंग नाही, ती डोळ्याला दिसत नाही. बाहेरच्या गार हवेत आली की तिचे पुन्हा पाण्याचे बारीक कण होतात आणि ते कण पांढरे दिसतात. म्हणजे किटलीपुढचा पांढरा धूर हा छोटासा ढगच असतो.

आभाळातला ढगही तसाच. ढग म्हणजे वाफ नव्हे. ढग म्हणजे पाण्याचे अतिशय बारीक कण, आणि जास्त उंचावर असेल तर बर्फाचे कण. हिवाळ्यात सकाळी तोंडातून निघणारा धूर, पूर्णेच्या काठावर पसरलेले धुके आणि आभाळातला पांढरा ढग, तिन्ही एकाच जातीचे.

मग ही न दिसणारी वाफ आपल्या आजूबाजूला असते का? असते, कायम असते. स्टीलच्या ग्लासात बर्फ घालून ठेवा. पाच मिनिटांत ग्लासाला बाहेरून घाम येतो. ते पाणी ग्लासातून पाझरलेले नाही, स्टीलमधून पाणी पाझरत नसते. ते खोलीतल्या हवेत होते, गार ग्लासाला लागून त्याचे पाणी झाले. हरभऱ्यावर पहाटे पडणारे दहिवरही असेच. जुनी माणसे पहाटे हरभऱ्यावरून स्वच्छ धडपे फिरवून आंब गोळा करायची. त्या आंबेतला आंबटपणा हरभऱ्याच्या पानांचा, पण पाणी मात्र हवेतले.

हवेत वाफ किती मावते हे तिच्या तापमानावर ठरते. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच एवढ्या जागेतली हवा घ्या. ती ३० अंशावर असेल तर तिच्यात साधारण ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात मावते. तीच हवा २० अंशावर आली तर १७ ग्रॅमच मावते, १० अंशावर ९ ग्रॅमच्या आसपास. हवा गार झाली की जास्तीचे पाणी तिला धरून ठेवता येत नाही, ते बाहेर टाकावे लागते. जमिनीजवळ टाकले तर दव किंवा धुके, वर टाकले तर ढग.

हवा रिकामी नसते

"घर रिकामं आहे" असे आपण म्हणतो, पण दहा बाय बारा फुटांच्या आणि दहा फूट उंच खोलीत सुमारे ४० किलो हवा भरलेली असते. म्हणजे जवळपास गव्हाच्या एका कट्ट्याएवढे वजन. आपल्या डोक्यावर अशा हवेचा कित्येक किलोमीटर उंच ढीग आहे. खाली दाब जास्त, वर कमी.

उन्हाने काळी जमीन तापते. तिला लागून असलेली हवा तापते, फुगते, हलकी होते आणि वर उठते. उन्हाळ्यात वावरात भिरभिरणारे वावटळ हे त्याचेच एक रूप. वर दाब कमी असल्याने ही हवा पसरते, आणि हवा पसरली की गार होते. खात्री करायची असेल तर सायकलच्या ट्यूबची हवा सोडून वाल्व्हपाशी बोट धरा. बाहेर येणारी हवा गार लागते. आत दाबून भरलेली हवा बाहेर येताना पसरते, म्हणून ती गार होते.

ढग होण्याआधी वर जाणारी हवा दर एक किलोमीटरला जवळपास १० अंशाने गार होते. अकोला समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या आसपास आहे, चिखलदरा १,१०० मीटरच्या वर. दमट वारा सातपुड्याच्या उतारावर चढला की चढता चढता गार होतो आणि त्यातले पाणी बाहेर पडते. पावसाळ्यात चिखलदऱ्याला रस्त्यावर दहा पावले पुढचे दिसत नाही, ते यामुळेच. खाली परतवाड्याहून पाहिले तर तो डोंगराला टेकलेला ढग दिसतो, वर जाऊन पाहिले तर तेच धुके. गोष्ट एकच, फक्त पाहणारा माणूस कुठे उभा आहे एवढाच फरक.

एका ढगात पाणी असते तरी किती?

दुपारी आभाळात कापसाच्या ढिगासारखे पांढरे ढग दिसतात. असा एक ढग एक किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद आणि एक किलोमीटर उंच आहे असे समजा. अशा ढगात दर घनमीटरला साधारण अर्धा ग्रॅम पाणी असते. अर्धा ग्रॅम म्हणजे काहीच नाही, पण ढग मोठा असल्याने बेरीज होते ५ लाख किलो, म्हणजे ५ लाख लिटर. दहा हजार लिटरचे ५० टँकर.

ऐकायला हा आकडा मोठा वाटतो. आता जमिनीचा हिशोब करा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारे ४ हजार लिटर पाणी. पेरणीयोग्य ओल होण्यासाठी किमान ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस व्हावा, असे कृषी विभाग आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगते. ७५ मिलिमीटर म्हणजे एकरी ३ लाख लिटर, म्हणजेच ३० टँकर. याचा अर्थ तो किलोमीटरभर लांब-रुंद-उंच ढग सगळाच्या सगळा पिळून एका जागी ओतला, तरी त्यात पेरणीपुरते पाणी पावणेदोन एकराचेही होत नाही. ढगाची सावली मात्र अडीचशे एकरांवर पडलेली असते.

आणखी एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. भर पावसाळ्यात आपल्या डोक्यावर जमिनीपासून थेट वरपर्यंत जेवढी हवा आहे, तिच्यातली सगळी वाफ काढून तिचे पाणी केले तरी ते साधारण ५० ते ६० मिलिमीटर भरते. त्यातलेही सगळे कधी पडत नाही. म्हणजे जागेवरच्या हवेतून चांगला पाऊस होऊच शकत नाही. पाऊस व्हायचा तर दूरवरून ओली हवा सतत येत राहिली पाहिजे. मोट चालू असेल तरच पाट वाहतो, तसे हे आहे. वरून ढग दिसतो, पण मागून पुरवठा आहे की नाही हे ढगाकडे नुसते पाहून कळत नाही.

ढग खाली का पडत नाही?

पाणी हवेपेक्षा जड, मग ढग वर कसा राहतो, असा प्रश्न पोरे विचारतात. उत्तर कणाच्या आकारात आहे. ढगातला कण मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही बारीक असतो. असा कण सेकंदाला जेमतेम एक सेंटिमीटर खाली सरकतो. खालून येणारी हवेची हलकीशी झुळूकही त्याला वर ढकलते. फवारणी करताना पंपाच्या नोझलमधून बारीक तुषार निघाला की तो पिकावर न बसता वाऱ्यासोबत शेजारच्या वावरात जातो, आणि जाड थेंब मात्र सरळ खाली पडतो. ढगातही हेच होते.

पावसाचा थेंब साधारण दोन मिलिमीटरचा. ढगातले जवळपास दहा लाख कण एकत्र आले की असा एक थेंब तयार होतो. हे एकत्र येणे सोपे नसते. आधी वाफेला बसायला जागा लागते. धूळ, धूर, समुद्रातून उडालेले मीठ यांच्या अतिबारीक कणांवर वाफ बसते आणि ढगाचा कण होतो. मग ते कण एकमेकांवर आपटून मोठे होतात. ढग खूप उंच गेला तर वरच्या थंडीत बर्फाचे कण होतात, ते आजूबाजूची वाफ ओढून लवकर वाढतात आणि खाली येताना वितळून पाऊस होतो.

या दोन्ही गोष्टींसाठी ढग जाड असावा लागतो. जून महिन्यात पश्चिमेकडून वेगाने पळणारे ढग आपण पाहतो. "ढग नुसते पळून राहिले" असे लोक म्हणतात. हे ढग बहुतेक वेळा खालच्या थरातले आणि पातळ असतात. कण मोठे व्हायला त्यांच्यात ना उंची असते ना वेळ. त्यातून फार तर भुरभुर पडते.

कधी ढगाखाली पाण्याची राखाडी झालर लोंबताना दिसते, पण ती जमिनीला टेकत नाही. तिथे पाऊस खरोखर पडत असतो. खालची हवा तापलेली आणि कोरडी असल्याने थेंब वाटेतच पुन्हा वाफ होऊन जातात. आभाळाने दिलेले पाणी हवेनेच वाटेत पिऊन टाकले, असा प्रकार.

कूलर गार हवा देतो, त्याच कारणाने ढग फुगतो

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो तेव्हा घरोघरी कूलर चालू असतात. कूलरमध्ये बर्फ नसतो, गॅस नसतो, फक्त पाणी आणि पंखा. तरी हवा गार येते, कारण पाण्याला वाफ व्हायला भरपूर उष्णता लागते. एक लिटर पाणी उकळी येईपर्यंत तापवायला जेवढी आच लागते, त्याच्या सात-आठ पट आच त्या सगळ्या पाण्याची वाफ करायला लागते. कूलरच्या गवतावरचे पाणी ही उष्णता हवेतून ओढून घेते. माठातले पाणी गार होते ते याच कारणाने. माठ पाझरतो, पाझरलेले पाणी उडते आणि उडताना माठाची उष्णता घेऊन जाते. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये गॅस दाबाखाली पातळ रूपात असतो. मोठी शेगडी बराच वेळ चालली की सिलिंडर बाहेरून गार पडतो आणि त्यावर पाणी जमते. तिथेही पातळ पदार्थाचा वायू होताना उष्णता ओढली जाते.

जून लागला, हवेत ओल आली, की तोच कूलर काम करेनासा होतो. हवा आधीच वाफेने भरलेली असल्याने कूलरचे पाणी उडत नाही. अंगाचा घामही वाळत नाही, म्हणून ३६ अंशालाही जीव कासावीस होतो. "लई उकडून राहिलं, पाणी येते आता" हा जुन्या माणसांचा अंदाज अगदीच चुकीचा नाही. उकाडा म्हणजे हवेत वाफ आली आहे. पण त्या वाफेचा पाऊस होईलच, याची हमी उकाडा देत नाही. कोठीत धान्य असले म्हणजे भाकर झाली असे होत नाही.

आता दुसरी बाजू. वाफ होताना जी उष्णता घेतली, ती वाफेचे पुन्हा पाणी होताना परत बाहेर पडते. म्हणजे ढग तयार होत असताना त्याच्या आत उष्णता सुटत असते. त्या उष्णतेने आतली हवा पुन्हा हलकी होते आणि आणखी वर चढते. ओली हवा हेच ढगाचे इंधन. ते भरपूर मिळाले तर ढग दहा-बारा किलोमीटर किंवा त्याहून उंच चढतो, वरचा भाग ऐरणीसारखा चपटा पसरतो आणि जोरदार पाऊस होतो. वाटेत कोरड्या हवेचा थर लागला तर ती कोरडी हवा ढगात घुसते, कण उडून जातात आणि संध्याकाळपर्यंत ढग विरून जातो. मृगात आपण रोज पाहतो तो खेळ बहुतेक वेळा हाच असतो.

वऱ्हाडाचे पाणी येते कुठून?

अरबी समुद्रावरून येणारा वारा आधी सह्याद्रीला धडकतो. घाट चढताना तो गार होतो आणि पाण्याचा मोठा हिस्सा कोकणात व घाटमाथ्यावर टाकून देतो. घाट उतरून पूर्वेकडे येताना तीच हवा दाबली जाऊन तापते आणि कोरडी पडते. वऱ्हाडात पोहोचेपर्यंत तिच्यात ढग दाखवण्यापुरती ओल असते, पण बरसण्यापुरती असतेच असे नाही.

आपल्याकडे चांगली झड लागते ती बहुतेक वेळा बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होऊन तो ओडिशा, छत्तीसगड, मध्य प्रदेशाकडे सरकतो तेव्हा. तो पट्टा भोवतालची ओली हवा सतत ओढून घेत असतो. मोट चालू होते. मग सूर्य दोन-दोन दिवस दिसत नाही, कडकडाट फारसा नसतो, पण पाणी मुरते. म्हणून हवामान खात्याच्या अंदाजात "बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र" हे शब्द आले की वऱ्हाडातल्या शेतकऱ्याने कान टवकारावेत. घराच्या पश्चिमेला दिसणाऱ्या काळ्या ढगापेक्षा त्या बातमीला वजन जास्त आहे.

गार आणि वीज : ढगाची दोन उग्र रूपे

एकच पाणी ढगात तीन रूपांत राहते. वाफ म्हणजे वायू, थेंब म्हणजे द्रव, बर्फ म्हणजे घन. उंच ढगात शून्य अंशाखालीही बरेच कण न गोठता पाण्याच्याच रूपात असतात. असे कण बर्फाच्या तुकड्याला लागले की लगेच गोठून त्याला चिकटतात. वर जाणाऱ्या वाऱ्याचा जोर असेल तर तो तुकडा बराच वेळ ढगातच अधांतरी राहतो आणि थरावर थर चढत जातात. वाऱ्याला पेलवेना की गार खाली येते. लिंबाएवढी गार ताशी ८० ते १०० किलोमीटर वेगाने आदळू शकते. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये विदर्भ, मराठवाड्यासह राज्याच्या मोठ्या भागात झालेली गारपीट लोकांच्या अजून ध्यानात आहे. उभा गहू झोपला, हरभरा गेला, संत्र्याचा मार लागला. जमिनीजवळ तापलेली दमट हवा आणि वर थंड हवा असा जोड जमला की गारपिटीचा धोका वाढतो.

ढगात बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर घासून विजेचा भार साठतो. तो सुटला की वीज चमकते. विजेच्या वाटेतली हवा क्षणभर सुमारे ३० हजार अंशांपर्यंत तापते. एवढ्या उष्णतेत वायूही वायू राहत नाही. शास्त्रज्ञ त्या अवस्थेला प्लाझ्मा म्हणतात, ती पदार्थाची चौथी अवस्था. तापलेली हवा एकदम फुगते, तोच गडगडाट.

वावरात असताना एक हिशोब लक्षात ठेवा. वीज दिसल्यापासून आवाज ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा, तेवढे किलोमीटर वीज दूर आहे. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर काम सोडून पक्क्या घरात जा. एकट्या झाडाखाली थांबू नका, उघड्या टिनाच्या शेडचा आणि मांडवाचा भरोसा धरू नका, विहिरीतून, तळ्यातून बाहेर या, तारेच्या कुंपणापासून दूर राहा. आसरा नसेल तर सखल जागी दोन्ही पाय जोडून उकिडवे बसा, आडवे झोपू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला हात लावता येतो, श्वास थांबला असेल तर छाती दाबून प्रथमोपचार करता येतो आणि लगेच दवाखान्यात न्यावे लागते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप २० ते ४० किलोमीटरच्या परिसरातील विजेची सूचना मोबाईलवर देते. ते मोफत आहे.

विमानाने पाऊस पाडता येत नाही का?

दरवर्षी पाऊस लांबला की ही मागणी होते. २०१५ आणि २०१९ मध्ये राज्य सरकारने मराठवाड्यात हा प्रयोग केला. विमानातून ढगात मिठाचे किंवा सिल्व्हर आयोडाइडचे कण सोडतात. वाफेला किंवा गार पाण्याला बसायला जागा मिळावी, कण लवकर मोठे व्हावेत, हा त्यामागचा विचार. पुण्याच्याच संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापूर भागात २७६ ढगांवर शास्त्रशुद्ध तपासणी केली. काही ढगांत कण सोडले, काही तसेच ठेवले आणि दोन्हींची तुलना केली. योग्य ढग निवडले तर पाऊस सुमारे १८ टक्के वाढू शकतो, असे त्यात आढळले.

म्हणजे १० मिलिमीटर पडणार असेल तिथे बारा पडतील. पण जिथे ढगच नाही किंवा पातळ ढग आहे, तिथे विमान काही करू शकत नाही. ढग तयार करता येत नाही, तयार ढगाला फक्त मदत करता येते.

पेरणीआधी आभाळ नाही, जमीन पाहा

सगळ्या हिशोबाचा सार असा, की ढग हा पाऊस नाही. ढग हे फक्त हवेत पाणी आहे आणि वरची हवा गार झाली आहे याचे चिन्ह आहे. त्यामुळे पेरणीचा निर्णय मान वर करून नाही, तर खाली वाकून घ्यावा लागतो.

बियाण्याच्या दृष्टीने अर्धवट ओल सगळ्यात वाईट. माती पूर्ण कोरडी असेल तर बी काही दिवस तसेच पडून राहते. ओल खोलवर असेल तर उगवून वर येते. पण दहा-पंधरा मिलिमीटरची सर आली, वरची माती भिजली आणि खाली कोरडीच राहिली, तर बी फुगते, कोंब काढते आणि मुळाला खाली ओल न मिळाल्याने मरते. तापलेल्या कोरड्या दिवसांत उघड्या भांड्यातले पाणीही दिवसाला १० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त उडून जाते. एका सरीची ओल किती दिवस टिकेल याचा अंदाज त्यावरून बांधा.

घरच्या घरी पुढील गोष्टी करता येतात :

१) पाऊस मोजा. वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीचा, सरळ भिंतीचा डबा झाड-भिंतीपासून दूर मोकळ्या जागी, उडणार नाही असा ठेवा. रोज सकाळी साडेआठला आतल्या पाण्याची उंची पट्टीने मोजा, वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. एक सेंटिमीटर म्हणजे १० मिलिमीटर. वर रुंद आणि खाली निमुळती बादली वापरू नका, माप चुकते.

२) आपल्या वावराचे माप धरा. महसूल मंडळाच्या केंद्रावर पडलेला पाऊस आपल्या शिवारात पडलाच असेल असे नाही. रस्त्याच्या एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला फुफाटा, हे सगळ्यांनी पाहिलेले आहे.

३) बेरीज ७५ ते १०० मिलिमीटर झाली की जमीन तपासा. वीतभर खोल खणून तिथली माती मुठीत दाबा. गोळा झाला तर ओल आहे. तो गोळा कमरेच्या उंचीवरून सोडल्यावर फुटला तर वाफसाही आला. गोळा होतच नसेल तर थांबा. चिखल हाताला चिकटत असेल तरी थांबा.

४) पुढच्या चार-पाच दिवसांचा अंदाज हवामान खात्याच्या 'मेघदूत' ॲपवर पाहा. तिथे जिल्ह्याचा कृषी सल्लाही मराठीत मिळतो. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या, तारीख आणि नाव नसलेल्या संदेशावर बियाण्याची पोती फोडू नका.

५) सोयाबीन तीन ते पाच सेंटिमीटरपेक्षा खोल पेरू नका, आणि घरचे बियाणे असेल तर उगवणशक्ती आधी तपासून घ्या. ओल बरोबर असूनही बी न उगवल्यास दोष पावसाला जातो.

शेजाऱ्याने पेरले म्हणून आपणही पेरायचे, ही घाई गावोगाव होते. आठ दिवस उशीर झाला तर उत्पन्नात थोडा फरक पडतो, पण दुबार पेरणीत पहिले बियाणे पूर्ण जाते आणि उशीर तर होतोच. आभाळ उद्याही येईल. डब्यातले पाणी पट्टीवर साडेसात सेंटिमीटरच्या वर गेले आणि वीतभर खालच्या मातीचा गोळा झाला, की मग पेरणी यंत्र बाहेर काढायला हरकत नाही.